'कन्स्ट्रक्ट'ला मराठीत काय म्हणावं?

अर्धविराम:
मानसशास्त्राच्या एका ओळखपर पुस्तकातलं प्रकरण मराठीत करतेय. विषय आहे जॉर्ज केली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा १९५५ साली मांडलेला सिद्धान्त. माणूस आपल्यापुरता जगाचा अर्थ लावतो, त्यावरून पुढे काय घडेल याचा अंदाज बांधतो आणि अंदाज चुकला तर (जमल्यास) अर्थ बदलतो. हा अर्थ ज्याच्या आधारे लावायचा, त्याला केली 'पर्सनल कन्स्ट्रक्ट' म्हणतो. मी बिनधास्त 'वैयक्तिक रचना' लिहिलं. घरी वाचायला दिलं तर विचारणा झाली, "म्हणजे अंगकाठी का?" मग 'मानसिक रचना' केलं. त्यावर, "स्वभावाची घडण असं सरळ म्हण की." दोन्ही चूक. शब्द सुचवा, सोमवारी द्यायचंय.

खडूफळा:
'ज्ञानरचनावाद', म्हणजे मूल आपलं ज्ञान स्वतःच रचतं हा विचार, शिक्षकांच्या तोंडी केव्हाच बसलाय. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर तर प्रत्येक प्रशिक्षणात तोच. तिथे रचना चालते, मग इथेच अंगकाठी कशी आठवते? वापरत राहा, बसेल.

तिरपागडे:
प्रशिक्षणाच्या खोलीबाहेर कुणी 'ज्ञानरचनावाद' म्हणताना ऐकलंत तर कळवा. 'कन्स्ट्रक्ट' तसाच ठेवा. टेबलाला मेज म्हणून कुणाचं भलं झालंय?

खडूफळा:
सावरकरांनी 'महापौर', 'दिनांक' दिले तेव्हा ते तरी कुणाच्या बोलण्यात होते?

जुनी वही:
नवं घडवायला कशाला हवं? आजी म्हणायची, "कुणाबद्दल एकदम ग्रह करून घेऊ नये." ग्रह! धातू 'ग्रह्', म्हणजे धरणे, घेणे. आग्रह, पूर्वग्रह, दुराग्रह, अनुग्रह ही सगळी भावंडं, आणि 'गृहीत'सुद्धा त्यांच्यातलंच. मनाने जगाला जिथे मूठ घातली तो ग्रह. याहून नेमका शब्द मिळणार नाही.

तिरपागडे:
'वैयक्तिक ग्रह' वाचून लोक पत्रिका काढून बसतील.

जुनी वही:
बसू द्या. आकाशातला ग्रहही त्याच धातूचा, माणसाला धरतो म्हणून.

अर्धविराम:
जुनी वही, शब्द गोड आहे. पण 'ग्रह झाला' म्हटलं की तो चुकीचा असणार असं वाटतं. केलीला तसं म्हणायचं नाही. त्याच्या लेखी संशोधकाचा तर्क आणि तुमचाआमचा तर्क एकाच जातीचे. तो आधी भौतिकशास्त्र आणि गणित शिकला होता, त्याचा हा परिणाम असावा.

मधली ओळ:
नाम सोडा, क्रियापद बघा. केलीचं क्रियापद 'कन्स्ट्रू'. हे आणि 'कन्स्ट्रक्ट' दोन्ही एकाच लॅटिन क्रियापदातून आले, मूळ अर्थ रचणे. पण इंग्रजीत 'कन्स्ट्रू' करणं म्हणजे लॅटिन वाक्यातला कर्ता कोण, कर्म कोण, कुठलं विशेषण कुणाचं हे सोडवून अर्थ लावणं. हे आपण संस्कृतच्या तासाला केलंय! क्रियापद पहिल्या चरणात, कर्ता चौथ्यात, विशेषण भलतीकडेच. सगळं ओळीत आणायचं, म्हणजे अन्वय लावायचा. घटना समोर श्लोकासारखी पडलेली असते, अन्वय ज्याचा त्याने लावायचा. म्हणून 'वैयक्तिक अन्वय'. मला तर हे सुचल्यावर रात्री झोप लागली नाही.

तिरपागडे:
मला 'अन्वय' म्हटलं की 'कलम अमुकअन्वये' अशी नोटीस दिसते.

खडूफळा:
शिवाय संस्कृतच्या पेपरात अन्वय एकच बरोबर असायचा, बाकीच्यांचे मार्क जायचे. केलीचा मुद्दा नेमका उलटा आहे ना? कुठल्याही घटनेचा दुसराही अर्थ लावता येतो.

मधली ओळ:
एकच कसा? उपनिषदातलं 'तत्त्वमसि' घ्या. शंकराचार्य 'तत् त्वम् असि', म्हणजे 'ते तू आहेस' असं वाचतात. मध्वाचार्य आधीच्या 'आत्मा' या शब्दाबरोबरचा संधी सोडवून 'अतत् त्वम् असि', म्हणजे 'ते तू नाहीस' असं वाचतात. अक्षरं तीच, पण एकाचं अद्वैत आणि दुसऱ्याचं द्वैत.

जुनी वही:
हा पदच्छेद झाला. अन्वय नव्हे.

मधली ओळ:
पदच्छेद बदलला की अन्वय बदलतोच.

जुनी वही:
बदलतो, पण म्हणून त्याला अन्वय म्हणत नाहीत. दाराला घर म्हणता का?

पाऊलवाट:
मध्येच येते. समुपदेशन शिकताना हा सिद्धान्त होता. तुमच्या सगळ्या शब्दांतून एक गोष्ट निसटतेय. कन्स्ट्रक्टला दोन टोकं असतात. केलीची पद्धत अशी: ओळखीची तीन माणसं घ्या. यांतली कुठली दोघं कशात सारखी आणि तिसरा त्यांच्याहून कसा वेगळा, ते सांगा. सारखेपणा हे एक टोक, वेगळेपणा दुसरं. दुसरं टोक कोशातलं विरुद्धार्थी असेलच असं नाही. वर्गात मी 'साधा'च्या समोर 'हिशेबी' लिहिलं होतं. शेजारणीने लिहिलं 'देखणा'. 'साधा' हा शब्द दोघींचा एकच, पण पट्टी वेगळी. ग्रहाला दुसरं टोक कुठलं? अन्वयालाही नाही.

अर्धविराम:
हे तर प्रकरणात आहे आणि मी नीट वाचलंच नव्हतं. मग 'अर्थपट्टी'?

तिरपागडे:
जखमेवर बांधतात तीच ना?

खडूफळा:
'ठोकताळा' का नको? माझा आपला तर्क: ठोक म्हणजे ढोबळ, आणि ताळा म्हणजे हिशेब बरोबर आला का ते पाहणं. 'पडताळा'तही तोच ताळा. अंदाज बांधा आणि पडताळून बघा, दोन्ही एकाच शब्दात आलं.

पाऊलवाट:
हे केलीला आवडलं असतं. १९३०च्या दशकात कॅन्ससमध्ये तो शाळांसाठी फिरतं मानसोपचार केंद्र चालवायचा. फ्रॉइडच्या पठडीतले खुलासे लोकांना लागू पडतात हे पाहून त्याने मुद्दाम मनचे खुलासे द्यायला सुरुवात केली. अट दोनच: माणसाला महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टी त्यात बसाव्यात आणि पुढचं काही नव्याने दिसावं. तेही अनेकांना लागू पडले. म्हणजे ठोकताळाच. दोन टोकांचं मात्र तसंच राहिलं.

जुनी वही:
पण 'साधा'विरुद्ध 'देखणा' हे काही पटलं नाही. साधा नि देखणा माणूस असतो की.

मधली ओळ:
'साधा'समोर 'बेरकी'.

खडूफळा:
'भपकेबाज'.

मधली ओळ:
कपड्यांवरून? आम्ही स्वभावाबद्दल बोलतोय.

खडूफळा:
आम्ही म्हणजे कोण? 'साधी राहणी' हा शब्दप्रयोग काय स्वभावाबद्दल आहे?

तिरपागडे:
व्याकरणात साधा भूतकाळ असतो. त्याच्यासमोर काय, बेरकी भूतकाळ?

अर्धविराम:
मंडळी, सोमवार उलटून गेला. मी 'कन्स्ट्रक्ट' ठेवून पहिल्या ठिकाणी 'अर्थ लावण्याची दुटोकी पट्टी' असं समजावून दिलं होतं. संपादकांनी दोन्ही खोडून सगळीकडे 'दृष्टीकोन' केलंय.

मधली ओळ:
दृष्टिकोन! एका माणसाचे शंभर कन्स्ट्रक्ट असतील, दृष्टिकोन कुठून आणणार शंभर?

जुनी वही:
त्याआधी, 'दृष्टीकोन' असं छापणार आहेत का? ऱ्हस्व 'ष्टि' हवी. तत्सम शब्द आहे, समासात दीर्घ होत नाही.

तिरपागडे:
बोलताना दीर्घच होते.

जुनी वही:
तुमची होत असेल.