रड चालेल, पण उपाय जोडून

सूचनापेटी

रबाळेच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी एकतीस वर्षं काढली. टाइम ऑफिसच्या भिंतीवर एक हिरवी लोखंडी पेटी होती, वर पांढऱ्या रंगात 'सूचना'. नुसती तक्रार टाकली तर चिठ्ठी फाडून टाकत. उपाय लिहिला तर साहेब वाचत, आणि पटला तर पगाराच्या पाकिटात पन्नास रुपये जास्त.

माझे पहिले पन्नास रुपये पान्यांच्या फळीचे. कोणीतरी पाना नेई, परत टांगत नसे, आणि पाळी बदलताना शोधाशोध. एका रविवारी मी फळीवर प्रत्येक पान्याच्या मागे त्याचाच आकार पिवळ्या रंगाने काढला. पाना जागेवर नसला की ती पिवळी जागा डोळ्यांत खुपायची. पाने परत यायला लागले. पुढे ट्रेनिंगला आलेल्या एका पाहुण्याने या प्रकाराला नाव असतं असं सांगितलं. नाव विसरलो, पन्नास रुपये आठवतात.

निवृत्त झालो तरी खोड गेली नाही. परवा एका दवाखान्यात गेलो. सगळ्यांना 'सकाळी दहाला या' म्हणून सांगितलेलं. दहाला आम्ही चौदा जण, बाकडी दोन. माझा नंबर पावणेबाराला लागला.

तर ठाण्यात आणि नवी मुंबईत रोज ज्याने तुमचं डोकं फिरतं ते लिहा. स्वतःवर घडलेलं. सोबत ते कसं करायला हवं तेही, आणि करून पाहिलं असेल तर फारच उत्तम. कोणाचं नाव घेऊ नका. नाव आलं की भांडण नावावर होतं आणि मूळ गोष्ट बाजूला राहते.

जेएन टाइप

वाशीत आमची जुनी सोसायटी, एकसारख्या इमारती. तीन वर्षांपूर्वी रात्री दोनला बाबांच्या छातीत दुखायला लागलं. १०८ ला फोन केला. गाडी लवकर आली, पण गेटातून आत शिरल्यावर हरवली. मी गॅलरीतून मोबाइलची बॅटरी हलवतोय, आई खाली धावलीय, आणि गाडी मागच्या रस्त्याने फिरतेय. इमारतीचा नंबर फक्त समोरच्या बाजूला, प्रवेशद्वारावर, क्रीम भिंतीवर बदामी रंगात, आणि त्याच्यासमोर खऱ्या बदामाचं झाड. बाबा वाचले. ती सात मिनिटं मात्र मी अजून विसरलेलो नाही.

नवी मुंबईत पत्त्याची गंमत आधीच भरपूर. सेक्टर १७ वाशीतही आणि नेरूळलाही. नोडचं, म्हणजे वाशी की नेरूळ ते उपनगराचं, नाव सांगितलं नाही की पाहुणा थेट दुसऱ्या गावात. त्यात इमारतही सापडू नये?

आम्ही काय केलं: प्रत्येक इमारतीच्या चारही कोपऱ्यांवर, पहिल्या मजल्याच्या उंचीवर, दोन फुटी आकडा. पिवळ्यावर काळा. गेटवर नकाशाचा पत्रा. आणि वॉचमनला सक्त सांगून ठेवलंय, ॲम्ब्युलन्स आली की रजिस्टर उघडायचं नाही, शिट्टी मारत गाडीच्या पुढे धावायचं. पेंटरने दोन दिवसांत काम संपवलं. त्यापूर्वी रंग कोणता यावर कमिटीने दीड महिना घालवला होता.

काउंटरच्या आतली

सूचनापेटी काका, तुम्ही गेलात तो दवाखाना माझा नाही, पण मी अशाच एका ठिकाणी अपॉइंटमेंट लिहिते, म्हणून बोलते. पंधरा-पंधरा मिनिटांच्या वेळा देऊन पाहिल्यात. डॉक्टर स्वतः पावणेअकराला येतात. दहाची वेळ दिलेला पेशंट माझ्या अंगावर ओरडतो, सव्वादहाचा त्याला साथ देतो. एखाद्या आजींना चार मिनिटं पुरतात, एखाद्या आजींना पंचवीस. वेळा कागदावर छान दिसतात.

मी वेगळंच करते. घरून पांढरा बोर्ड आणला, आत कितवा नंबर आहे ते दर पेशंटला पुसून लिहिते. आणि तोंडाने सांगते, 'तुमचा चौदावा ना, अजून तासभर आहे, भाजी घेऊन या.' वाट बघण्यापेक्षा किती बघायची ते माहीत नसणं माणसाला जास्त चिडवतं. निम्मे लोक जातात आणि बरोबर परत येतात. उरलेल्यांना बाकडं मिळतं.

सूचनापेटी

पटलं. पन्नास रुपये तुमचे. फक्त एक शंका, बोर्ड बसायच्या जागेवरून दिसतो का? आमच्याकडे असाच एक बोर्ड दाराआड लावला होता.

काउंटरच्या आतली

दिसतो. सुरुवातीला माझ्या मागे होता, मीच आड यायचे.

झेरॉक्स दोन रुपये

ठाण्यात एका सरकारी कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. म्हणजे तुमच्या चिडचिडीवरच माझं घर चालतं, आधीच माफी मागतो.

माणूस अर्ज घेऊन आत जातो, अर्ध्या तासाने घामाघूम होऊन माझ्याकडे येतो: 'रेशनकार्डाचं मागचं पान राहिलं.' पुन्हा रांग. मग 'लाइट बिल पाहिजे म्हणाले'. पुन्हा रांग. कोणत्या कामाला कोणते कागद लागतात याची यादी आत असते, पण ती काचेच्या आत, खिडकीतून वाकून वाचावी लागते, आणि खिडकीपाशी पोचायला रांग. दुसरा प्रकार, लोक अजून विचारतात, 'अटेस्टेड कुठे करून मिळेल?' अहो, राज्य सरकारने मार्च २०१५ मध्येच निर्णय काढला की शासकीय कामाला स्वतःच सही करून साक्षांकित केलेली प्रत आणि साधं स्वयंघोषणापत्र चालेल, कायद्यानेच प्रतिज्ञापत्र मागितलं असेल ते सोडून. तरी दहावीचं सर्टिफिकेट घेऊन हेडमास्तर शोधत फिरणारे बाप मी या वर्षीही पाहिले.

मी चार मुख्य कामांच्या याद्या मोठ्या अक्षरांत छापून शटरवर चिकटवल्या. शेजारचा चहावाला म्हणाला, वेडा झालास का, फेऱ्या कमी झाल्या तर तुझा धंदा बसेल. झालं उलटं. आता लोक आत जायच्या आधी माझ्याकडे येतात, सगळा संच एकदम काढतात, खाली 'मूळ प्रतीवरून सत्यप्रत' लिहून सही ठोकतात आणि जातात.

जाता जाता: आधारची प्रत कुठे खासगी ठिकाणी द्यायची असेल तर मास्क केलेलं आधार डाउनलोड करा, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. सरसकट सगळीकडे पूर्ण आधार वाटत फिरू नका.

धुसफूस

वरच्या मजल्यावरचे कुंड्यांना पाणी घालतात ते थेट माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. रोज. चार वर्षं.

सूचनापेटी

उपाय?

धुसफूस

घर बदलणे.

तिसरी सीट

मी शेअर रिक्षा चालवतो. आता शिव्या द्या, मला सवय आहे. पण माझ्या बाजूने पण एक ऐका. तीन पॅसेंजर मागे बसतात, वीस मिनिटं रील बघतात, आणि उतरल्यावर रस्त्याच्या मधोमध उभं राहून फोन काढतात. 'नेट स्लो आहे.' 'पासवर्ड चुकला.' मागे बसवाला हॉर्न मारतोय. रांगेत माझा नंबर जातो तो वेगळाच.

क्यूआर माझ्याकडे पुढे काचेजवळ होता, म्हणजे मागच्याला वाकूनही दिसत नव्हता. मी तोच कोड दोन वेळा छापला, लॅमिनेशन केलं आणि माझ्या सीटच्या पाठीवर लावला, वर भाडं लिहून. आता निम्मे लोक गाडी चालू असतानाच पैसे टाकतात. सुट्ट्यांचं भांडण तर मिटलंच. खर्च चाळीस रुपये. स्टँडवरच्या बाकीच्यांनी पण लावले. एकाने घाईत माझाच कोड लावला होता, दोन दिवस त्याचे पैसे मला येत होते. परत दिले.

त्रिज्या सतरा

स्पीडब्रेकर. मी सिव्हिलचा माणूस, त्यामुळे दुखतं कमरेला आणि डोक्याला दोन्हीकडे.

आमच्या कॉम्प्लेक्समध्ये आतला रस्ता चारशे मीटर, त्यावर पाच अडथळे. डांबराचा उरलेला माल ओतून वर फावडं मारलेलं. दीड फूट रुंद, वीत उंच. गेल्या पावसाळ्यात संध्याकाळी पाण्याखाली एक दिसला नाही आणि बायको स्कूटरवरून पडली. मनगटाला प्लास्टर, सहा आठवडे.

इंडियन रोड्स काँग्रेसचं या विषयावर वेगळं मानक आहे, आयआरसी ९९. गोलाकार स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद असावा आणि मधोमध १० सेंटीमीटर उंच. १७ मीटर त्रिज्येचं वर्तुळ घेऊन त्याचा वरचा तुकडा कापला की बरोबर हेच माप येतं. त्यावरून गाडी ताशी २५ किलोमीटरने जाऊ शकते, आणि माणूस घरी अखंड पोचतो. आपल्याकडचे बघितले की वाटतं गाडी हळू करायला नाहीत, थांबवून माफी मागायला लावायला बांधलेत.

रस्ता सोसायटीचा स्वतःचा असल्यामुळे करता आलं. पाचातले तीन काढले. दोन मापाने बांधून घेतले, प्लायवूडचा साचा मी स्वतः कापून दिला, नाहीतर मुकादम 'साहेब, अंदाजाने करतो' म्हणतच होता. वर पांढरे पट्टे, अलीकडे बोर्ड. रंग दर पावसाळ्यानंतर पुन्हा मारावा लागतो. तो वार्षिक खर्चात धरा, नाहीतर पुढच्या जूनमध्ये पुन्हा तेच.

पेन्शन पीपीओ

नोव्हेंबर आला की आम्हा म्हाताऱ्यांची हयात सिद्ध करायची धावपळ. मी केंद्राचा पेन्शनर. बँकेत जिन्याने वर, तिथे मशीन, मशीनवर बोट. आयुष्यभर टंकलेखन करून माझ्या बोटांवरच्या रेषा गेल्यात. 'आजोबा, बोट पुसा. दुसरं द्या.' दहाही बोटं दिली. शेवटी साहेब म्हणाले, उद्या या. मी समोर उभा आहे, बोलतोय, आणि मशीन म्हणतंय मी नाही.

नातवाने घरी करून दिलं. जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा ऑनलाइन दाखला, २०१४ पासून आहे, आणि २०२१ पासून त्यात चेहऱ्यानेही ओळख पटवता येते. फोनवर दोन ॲप लागतात, एक जीवन प्रमाणचं आणि एक आधारचं चेहरा ओळखणारं. आधार, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर, बँक खातं जवळ ठेवायचं, उजेडाकडे तोंड करून बसायचं, पापणी मिटायची. ऐंशीच्या पुढच्या केंद्राच्या पेन्शनरांना तर १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, गर्दीच्या महिन्यात जायची गरजच नाही.

आता दर वर्षी आम्ही सोसायटीच्या हॉलमध्ये एक रविवार ठेवतो. नातू आणि त्याचे दोन मित्र, खिडकीपाशी एक खुर्ची, मागे पांढरी चादर. फोटो स्टुडिओच. बायका पावडर लावून येतात.

सातवा बारावा बाविसावा

हे माझ्या आईचं आहे. ती इथे लिहिणार नाही, म्हणून मी.

आई घोडबंदर रोडला एका टॉवरमध्ये चार घरी कामाला जाते. सातवा, बारावा, बाविसावा आणि सव्विसावा मजला. लिफ्ट तीन. त्यातल्या दोनवर बोर्ड: फक्त रहिवासी. कामवाल्या बायका, कुरिअरवाले, गॅसची सिलिंडरं, कोणाचं फर्निचर आणि कचऱ्याचे डबे हे सगळं तिसऱ्या लिफ्टने. सकाळी आठ ते साडेनऊ खाली पंधरा-वीस जणी उभ्या. शेजारच्या दोन लिफ्ट एकेका माणसाला घेऊन रिकाम्यासारख्या वर-खाली करतात.

उशीर झाला की बोलणी आईला. 'लिफ्ट नव्हती' म्हटलं की वाटतं बहाणा आहे. मी तिला एक आठवडा मोबाइलवर वेळ बघून कॅलेंडरवर लिहायला लावलं. सहा दिवसांत दोन तास दहा मिनिटं नुसती उभी.

मीही सूचनापेटी काकांसारखा उपाय काढला होता: सव्विसाव्यापासून सुरुवात करायची आणि जिन्याने उतरत यायचं. दोन दिवसांत तिचे गुडघे सुजले. उतरताना जास्त दुखतं हे मला माहीत नव्हतं. शिवाय सव्विसाव्यावाले रात्रपाळीचे, अकराच्या आधी दार उघडत नाहीत. कागदावर सोपं होतं.

बाविसाव्या मजल्याच्या काकूंना आईने ते कॅलेंडर दाखवलं. त्या म्हणाल्या, उद्यापासून माझ्याबरोबर ये, मी सकाळी चालून परत येते तेव्हा. दोन दिवस रहिवाशांच्या लिफ्टने आणलं. तिसऱ्या दिवशी इंटरकॉमवर फोन आला. तेव्हापासून काकू स्वतः आईबरोबर खाली रांगेत उभ्या राहतात आणि सर्व्हिस लिफ्टने वर जातात.

उपाय मला एवढाच सुचतो: आठ ते दहा सगळ्या लिफ्ट सगळ्यांना. सांगायचं कोणाला ते कळत नाही.

मानद सचिव, नाइलाजाने

मुली, मी दुसऱ्या सोसायटीचा सचिव आहे. आमच्याकडे असाच बोर्ड होता. हा नियम कधी झाला म्हणून मी इतिवृत्ताच्या जुन्या वह्या काढल्या. ठराव सापडलाच नाही. बिल्डरच्या माणसाने घरांचा ताबा देताना पत्रा लावला होता, आणि तेवढ्यावर आम्ही नऊ वर्षं बायकांना थांबवत होतो. पत्रा उतरवला. कोणी काही बोललं नाही. एकाने विचारलं, इथे काहीतरी होतं ना?

काकू सभासद असतील तर त्यांनी कमिटीला लेखी पत्र द्यावं. दोन ओळी पुरेत: हा नियम कोणत्या सभेत, कोणत्या ठरावाने झाला त्याची प्रत द्यावी, आणि विषय वार्षिक सभेत घ्यावा. ती सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते आणि तिची नोटीस चौदा दिवस आधी निघते, म्हणून पत्र ऑगस्टमध्येच जाऊ द्या. पोच घ्या. तोंडी सांगितलेलं सचिव विसरतात, मी अनुभवाने सांगतो.

सातवा बारावा बाविसावा

पत्र दिलं. पोच घेतली. ठराव शोधतायत म्हणे.

तोवर काकू सर्व्हिस लिफ्टनेच जातात. काल बाविसाव्यापर्यंत मध्ये कचऱ्याचे तीन डबे आणि एक सोफा होता. घरी गेल्यावर त्यांनी काकांना खाली पाठवलं, म्हणाल्या एकदा तुम्ही पण येऊन बघा. संध्याकाळी काकाही पत्रावर सही करून आले.