अण्णांच्या ९६च्या ८०० ला अल्टोचं इंजिन अन् डॅशबोर्ड बसवावा का?

गोदाकाठ (धागाकर्ता)
अण्णांनी १९९६ साली घेतलेली पांढरी मारुती ८०० अजून आमच्या दारात उभी आहे. जिंतूर-परभणी रस्त्यावर तिनं किती खेपा केल्या असतील, त्याला गणती नाही. आता कार्ब्युरेटरचं इंजिन थकलंय. निळा धूर मारतं, सकाळी चोक ओढूनही चार-पाच सेल्फ लागतात. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेला की पेट्रोलची पाइपातच वाफ होते आणि गाडी भर चौकात बंद पडते.

गॅरेजवाला म्हणतो, अल्टोचं १२ व्हॉल्व्हचं एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या मापानं पेट्रोल फवारणारं) इंजिन घालू, सोबत पाच गिअरचा बॉक्स आणि अल्टोचाच डॅशबोर्ड. दोन्ही इंजिनं ७९६ सीसीची, तीन सिलिंडरची. पण अश्वशक्ती ३७ वरून ४६ वर जाते. माझं मत स्पष्ट आहे, करावं. नाही केलं तर गाडी भंगारात जाईल, जालन्याच्या भट्टीत वितळेल आणि तिची सळई होईल. मला ते बघवणार नाही. ज्यांचा विरोध असेल त्यांनी कारणासकट सांगावं.

बालाघाटी
विरोध आहे, आणि पहिलं कारण कायद्याचं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ वाचा. कंपनीनं मुळात जे दिलं आणि आरसीवर जे नोंदलं, त्याच्याशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२-अ आलं. बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड, किंवा दोन्ही. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन पूर्वपरवानगी घेऊन बदलणं वेगळं आणि अल्टोचं घालणं वेगळं. तुमच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते ना? तपासणीला इंजिन नंबर जुळला नाही तर काय सांगाल? अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा तोच नंबर बघेल.

गोदाकाठ
@बालाघाटी दादा, रस्त्यावर निम्म्या जुन्या जीपगाड्यांत बदललेली इंजिनं धावतात. त्यांना कोण अडवतं?

बालाघाटी
कोणी अडवत नाही, हे बरोबर आहे. अडवलं जातं ते माणूस मेल्यावर. आमच्या भावकीत हे घडलंय, म्हणून इतकं कळकळीनं लिहितोय.

पान्हा_नांदेड
राम राम. मी पंचवीस वर्षं हेच काम करायलो, म्हणून सांगायलो. इंजिन बसतंय, त्यात काही वाद नाही. पण लोक इंजिन बघतेत अन् टाकी विसरतेत. कार्ब्युरेटरच्या पंपाचं प्रेशर एमपीएफआयच्या दहाव्या हिश्शाएवढं. एमपीएफआयला टाकीतला इलेक्ट्रिक पंप लागतो, तीन बारच्या आसपास प्रेशर. जुन्या रबरी पाइपावर एवढं प्रेशर दिलं तर पाइप फुटतो, पेट्रोल गरम इंजिनावर पडतं. गाडी पेटायला किती वेळ? म्हणून टाकी, पाइपं, फिल्टर सगळं बदला. अन् इंजिनासंगं इसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), वायरिंगची अख्खी माळ अन् चावी एकाच गाडीची घ्या. ज्या गाडीचं इंजिन घेताव तिचे कागद बघा. बिल नसलं तर हात लावू नका, चोरीचं निघालं तर आयुष्यभराचा घोर.

अन् भाऊ, अल्टोचं कामून पाहिजे? ब्रेक तेच, बारा इंची चाकं तीच, अन् ताकद वाढवायची? २००० नंतरच्या ८०० चं एमपीएफआय इंजिन घ्या. ७९६ सीसी, ३७ अश्वशक्ती, मूळ घराण्यातलंच.

जुनं_पान
माझा या सगळ्यालाच विरोध आहे. धूर येतो म्हणजे हाफ इंजिनचं काम निघालंय. बोअर, पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह सील आणि कार्ब्युरेटरचं किट. माझ्या ९४च्या ८०० चं हे काम वीस हजारांच्या आत झालं. पेट्रोलची वाफ होते तर पाइप इंजिनापासून दूर न्या, त्यावर उष्णतारोधक आवरण चढवा. ज्या इंजिनावर अण्णा बसले ते इंजिन काढून टाकायचं आणि गाडीला ‘अण्णांची’ म्हणायचं, हे मला पटत नाही.

गोदाकाठ
@जुनं_पान काका, वाफेचा उपाय करून बघतो. पण पेट्रोलचं काय? आता पंपावर २० टक्के इथेनॉलचंच मिळतं. आपल्याच उसाचं आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण ते जुनं रबर खातं आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं. एमपीएफआयचा इसीएम सेन्सर बघून पेट्रोलचं माप थोडंफार सावरतो. कार्ब्युरेटरला ते कळतच नाही.

जुनं_पान
रबर बदलता येतं, कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) मोठा घालता येतो.

मांजरा_लातूर
डॅशबोर्डावर कोणीच बोलेना म्हणून लिहिते. आम्ही आमच्या गाडीत फक्त इंजिन बदललं, मीटर जुनाच ठेवला. गॅरेजचं नाव घेत नाही. नव्या इंजिनाचा तापमानाचा सेन्सर आणि जुना काटा यांचा रेझिस्टन्स जुळत नव्हता. मांजरसुंब्याच्या घाटात काटा निम्म्यावर शांत उभा आणि खाली इंजिन उकळत होतं. हेड गॅस्केट गेलं, हेड वाकलं. गाडीत सासूबाई आणि दोन लेकरं होती. म्हणून माझं ठाम मत आहे, इंजिन बदललं की मीटरही त्याच गाडीचा. चेक इंजिनचा दिवा त्यातच असतो. तो नसेल तर बिघाड कळणार कसा?

पान्हा_नांदेड
ताई, तुमच्यासंगं झालं ते वाईटच झालं. पण त्याला उपाय हाय. जुन्या काट्यासाठी जुनाच सेन्सर वेगळा बसवायचा, इसीएमचा सेन्सर त्याच्या जागी राहू द्यायचा. चेक इंजिनचा दिवा जुन्या डॅशबोर्डात एक भोक पाडून लावायचा. स्पीडची केबल जुन्या गिअरबॉक्सलाच येते, म्हणून बॉक्स बदलू नका. अल्टोचा डॅशबोर्ड ८०० च्या केबिनीत सरळ बसतच नाही, पट्ट्या वेल्डिंग कराव्या लागतेत, मग खडखड आयुष्यभर.

मांजरा_लातूर
दोन सेन्सर म्हणजे बिघडायच्या दोन जागा. हे काम तुम्ही स्वतः कराल तेव्हा ठीक होईल. गावोगावचा प्रत्येक मिस्त्री करेल, यावर माझा विश्वास नाही.

गोदाकाठ
ताई, मीटर काढायचा नाही, हे मी काल रात्री ठरवलं. कारण सांगतो. कपाटात अण्णांची पेट्रोलची वही सापडली. दर भरणीला तारीख, लिटर आणि मीटरचा आकडा. शेवटची नोंद आणि मीटर यांत फक्त माझ्या फेऱ्यांचा फरक आहे. दुसऱ्या गाडीचा आकडा तिथं लावला तर ती वही खोटी पडते. शिवाय उद्या कोणी गाडी घेतली तर त्याला काय सांगायचं?

म्हणून अल्टोचा विचार सोडला. ८०० चं एमपीएफआय इंजिन, जुना बॉक्स, दोन सेन्सर, वेगळा दिवा, नवी टाकी. बालाघाटी दादा, आधी परभणीच्या आरटीओत लेखी अर्ज देतो. ‘त्याच प्रकारचं’ यात ते इंजिन बसतं का, हे तिथूनच लेखी घेतो. नाही म्हणाले तर काकांच्या सांगण्याप्रमाणे हाफ इंजिन.

बालाघाटी
अर्जाची पोच घ्या, शिक्का मारून. आणि उत्तर येईपर्यंत इंजिनाची विसारही देऊ नका.