ट्रेकला घरून नेलेल्या वड्या, लाडू, बार : जमलेले आणि फसलेले

रानवाट

काल रात्री लेकीची सॅक भरत होतो. तिचा पहिला मुक्कामी ट्रेक, राजमाचीला काजवे बघायला. तिने सहा एनर्जी बार आणलेले. एक मी चाखायला म्हणून फोडला. खजूर, ओट्स आणि पुठ्ठा अशी काहीशी चव. आणि एकदम आईची गुळपापडी आठवली.

१९९४ साली आम्ही चौघं तोरण्याला गेलो होतो. आईने आदल्या रात्री कणीक तुपावर भाजली, गूळ घातला, ताटात ओतून वाटीच्या बुडाने थापली आणि गरम असतानाच सुरीने रेघा मारल्या. डबा जड होतो म्हणून वड्या पेपरात बांधून दिल्या. रात्री मेंगाईच्या देवळात पुडकं सोडलं तर तूप सुटून पेपर पार आरपार दिसायला लागलेला. टॉर्च मारून छोट्या जाहिराती वाचत वड्या खाल्ल्या. 'दोन खोल्या भाड्याने देणे' अजून आठवतंय.

मग काय, रात्री साडेदहाला कढई चढवली. लेक म्हणाली, "बाबा, याने तंबूच्या खुंट्या ठोकता येतील."

आई आता नाही, विचारणार कोणाला? कुठे चुकलो ते सांगा, आणि तुमचेही किस्से येऊ द्यात.

जाईजुई

गूळ उकळला असणार तुमचा. तो शिजू द्यायचाच नाही. कणीक खमंग भाजली की गॅस बंद, दोन मिनिटं थांबायचं, मग किसलेला गूळ. कढईच्या उष्णतेवरच विरघळतो. एक वाटी कणीक, पाऊण वाटी गूळ, अर्धी वाटी तूप, सुंठ, वेलची. तुपात हात आखडलात तर वड्या न पडता भुगा होईल. तोही चांगला लागतो, पण गडावर चमचा कोण नेणार.

कुकर झाला, पळते.

पोटोबा

फोटो नसल्यास फाऊल. खुंट्यांचाही चालेल.

घाटवाट

हरिश्चंद्रगड, पाचनईकडून. बायकोने दाणे, खजूर, तीळ असे चौकोनी बार केलेले, वर मेथीचे ठेपले. देवळापाशी सॅक टेकवून पाणी भरायला वळलो तर माकडाने सॅकची चेन उघडली. फाडली नाही हो, उघडली! बार बरोब्बर काढले. ठेपले हुंगले आणि परत ठेवले. हे शेवटचं बायकोला अजून सांगितलेलं नाही.

मी_पण

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)!! वहिनी वाचत असतील तर?

घाटवाट

ती फक्त रांगोळीचे धागे वाचते. (वाचत असशील तर हलकेच घे गं.)

खिंडीतला

पावसाळ्यात चिक्की नेऊ नका. लिहून ठेवा. जुलैत कळसूबाई, घरी केलेली शेंगदाणा चिक्की, तीही साध्या गुळाची. बारी गावातून निघताना कडक होती, शिड्यांपर्यंत पोचलो तेव्हा एकच गोळा. सहा जणांनी कुरतडून खाल्ला. चिक्कीचा गूळ वेगळा मिळतो तोच घ्यायचा. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला की कट्‌कन मोडला पाहिजे, वाकला तर अजून ढवळा. पण एवढं करूनही सह्याद्रीच्या पावसात उघडी राहिली की ती पाणी धरतेच. तुपातली वडी सोसते.

निवांत_काका

बार वगैरे थेरं आमच्या वेळी नव्हती. दुधातल्या दशम्या, दाण्याची चटणी, कांदा बुक्कीने फोडायचा. बाकी रानवाट, ९४ साली तोरण्याच्या पायथ्याला, वेल्ह्याला कुठल्या गाडीने गेलात? आम्ही स्वारगेटहून जायचो, टपावरसुद्धा बसलोय.

रानवाट

काका, स्वारगेटच. कंडक्टरने सॅकचं अर्धं तिकीट फाडलं होतं ः)

जाईजुई, फेस येईपर्यंत उकळला होता. तरीच!

कुडकुड

हिमाचलातला सार पास. खजुराचे बार पुण्यात इतके लुसलुशीत होते की विचारू नका. वरच्या कॅम्पवर पहाटे चावले तर दाढेवरची कॅप निघून हातात. एवढ्या उंचीवर डेंटिस्ट कुठून आणू? उरलेला ट्रेक खिचडीवर काढला. तेव्हापासून दुसऱ्या दिवशीचा बार रात्री स्लीपिंग बॅगमध्ये, मोबाईलच्या शेजारी.

जाईजुई

आई गं! कॅप जपून ठेवलीस ना?

कुडकुड

काजूच्या पुडीत ठेवली होती. पुढचं विचारू नकोस.

सॅनहोजेकर

इकडे कॅलिफोर्नियात, योसेमिटी नॅशनल पार्कात रानात मुक्काम असेल तर अस्वलाला उघडणार नाही असा डबा सक्तीचा. खाऊ, टूथपेस्ट, वास येणारं सगळं त्यात. लाडू भरले की मध्ये पोकळी राहते, म्हणून मी चौकोनी कापते. मेजूल खजूर, भाजलेले बदाम, तीळ, ओट्स, चवीला मीठ. मिक्सरला फिरवायचं, बटर पेपरवर लाटण्याने लाटायचं. गॅस लागत नाही. गंमत म्हणजे सकाळच्या थंडीत तो डबा मलाही उघडेना. पाऊण तास त्याच्याकडे बघत बसलो होतो दोघं.

सावली

एक गंभीर पोस्ट टाकते. नवरा इन्सुलिनवर आहे. लोहगडाच्या पायऱ्यांवर शुगर उतरली, घाम, हात थरथर. मी पटकन घरचा दाण्याचा बार दिला. दहा मिनिटं फरकच नाही. बरोबरच्या एकांनी ग्लुकोज पावडर पाण्यात ढवळून पाजली, तेव्हा सावरला. नंतर डॉक्टरांनी समजावलं : दाणे-तुपामुळे साखर रक्तात सावकाश उतरते, अशा वेळी आधी ग्लुकोज, मग बार. आता दोघांच्याही खिशात पुडी असते. सॅकमध्ये नाही, खिशात.

घाटवाट

बापरे. बरं झालं लिहिलंत. आमच्या ग्रुपमध्येही एक काका आहेत, त्यांना पाठवतो हे.

निवांत_काका

सावली, आता बरे आहेत ना साहेब?

सावली

हो काका, मागच्या महिन्यात तिकोना करून आला ः)

खिंडीतला

अवांतर : सात-आठ जणांचा ग्रुप असेल तर शेंगदाणा कोणाला चालत नाही ते आधीच विचारा. आणि रॅपर खाली आणा हो. गेल्या वेळी फक्त पायवाटेवरचे वेचले तरी पिशवी भरली. मी घरचंच नेतो ते निम्मं यासाठी.

मी_पण

+१. रच्याकने (बाय द वे), सिलिकॉनचे साचे वापरून बघितलेत का कोणी? नणंदेने दिलेत, हृदयाच्या आकाराचे.

पोटोबा

कळसूबाईवर हृदय खाणार? ः)

रानवाट

अपडेट. सकाळी पाच वाजता दुसरा घाणा केला, जाईजुईच्या मापाने. गॅस बंद करून गूळ. रेघा वाकड्या, पण सुटल्या. पेपरातच बांधून दिल्या.

आत्ता राजमाचीच्या उधेवाडी गावातून लेकीचा मेसेज आला : "वड्या संपल्या. बार परत आणतेय. पेपरात नोकरीची जाहिरात आहे, ती पण आणू का?"

मी_पण

उधेवाडीचा विषय निघालाच आहे तर, तिकडे जेवणाची सोय होते का घरगुती? आम्ही नऊ जण आहोत, दोन जैन.