तळमजल्यावरच्या जुन्या मोझॅकवर क्लिक एसपीसी फ्लोअरिंग: आधी कोणती तयारी करायची?

तळमजला_ठाणे

ठाण्यातल्या जुन्या सोसायटीत तळमजल्यावरचा फ्लॅट आहे. हॉल 16×10 फूट, एक बेडरूम 12×10, दुसरी 11×10. सगळीकडे दहा इंची मोझॅक लाद्या आणि मोझॅकचीच चार इंची स्कर्टिंग. लाद्या न उखडता वर 5 मिमीचं क्लिक एसपीसी (दगडाची भुकटी आणि प्लॅस्टिकच्या, कडेच्या लॉकने एकमेकींत अडकणाऱ्या फळ्या) टाकायचं ठरतंय, खाली 1 मिमीचा फोम कंपनीनेच चिकटवलेला आहे. दुकानदार म्हणतो, झाडून घ्या आणि थेट टाका. पाऊस सुरू व्हायच्या आत काम उरकायचं आहे. जमीन, दरवाजे, माल यांची नेमकी काय तयारी लागते?

गुण्या_ओळंबा

झाडून थेट टाकणं वरच्या मजल्यावरच्या नव्या व्हिट्रिफाइड टाइल्सवर एक वेळ चालून जाईल. तळमजला आणि जुनं मोझॅक म्हटल्यावर आधी ओल तपासायची, मग सपाटी. या दोन्हींचा निकाल लागेपर्यंत मालाची ऑर्डरसुद्धा देऊ नका.

भिंतींचा खालचा फूटभर भाग निरखून बघा. पुट्टी फुगलेली, रंगाचे पापुद्रे सुटलेले, लोणा (भिंतीवर फुटणारा पांढरा क्षार) लागलेला किंवा लाद्यांच्या सांध्यांत पांढरी पूड दिसली तर खाली पाणी आहे हे नक्की. डाग फक्त बाथरूमच्या सामाईक भिंतीलाच असतील तर बाथरूममधून झिरपतंय. बाथरूमचा ट्रॅप घट्ट बंद करून दोन इंच पाणी 24 ते 48 तास साठवून ठेवा, पातळी किती उतरते आणि डाग वाढतो का ते बघा. डाग बाहेरच्या भिंतींना आणि मधल्या भिंतींनाही असतील तर जमिनीतून ओल चढतेय.

मग प्लॅस्टिकची चाचणी. 45×45 सेंमीचा पारदर्शक, जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवा आणि पूर्ण दिवसरात्र राहू द्या. तुकडा असा ठेवा की लाद्यांचे सांधे त्याच्या मध्यावर येतील, कारण मेण पॉलिश केलेल्या लादीतून वाफ कमी येते, सांध्यांतून जास्त. बाहेरच्या भिंतीजवळ, बाथरूमजवळ आणि खोलीच्या मध्ये, अशा तीन जागा प्रत्येक खोलीत घ्या. आतून दव धरलं किंवा सांधे काळपट पडले तर काम थांबवा.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. मे महिन्यातली चाचणी ही वर्षातली सर्वांत कोरडी चाचणी असते. तीच जमीन ऑगस्टमध्ये वेगळं बोलते. त्यामुळे तळमजल्यावर चाचणी कोरडी आली तरी खाली 200 मायक्रॉनची पॉलिथिन शीट घालाच. दोन शीट एकमेकींवर 20 सेंमी चढवा, सांध्यावर टेप मारा, भिंतीवर दोन इंच वर घ्या आणि स्कर्टिंग बसल्यावर जास्तीची कापा. पण शीट म्हणजे ओलीवरचा उपाय नव्हे. जमिनीतून खरंच पाणी चढत असेल तर शीटखाली अडलेली ओल भिंतींकडे सरकते आणि लोणा आणखी वर जातो. अशा घरात एसपीसीचा नाद सोडून टाइल्सच घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. एसपीसीच्या फळीला पाण्याने काही होत नाही, म्हणून ‘वॉटरप्रूफ’ लिहितात. पण फळीखालचं पाणी वाळायला वाट राहत नाही. बुरशी धरते, कुबट वास सुटतो, एमडीएफची स्कर्टिंग फुगते.

आता सपाटी. ‘लेव्हल’ आणि ‘सपाट’ यांत गल्लत करू नका. जुन्या मोझॅकला धुण्याच्या सोयीसाठी दाराकडे ढाळ दिलेला असतो. ढाळ चालतो, पाणसळीत बुडबुडा मध्ये आला नाही तरी हरकत नाही. चालत नाहीत ते खड्डे आणि उंचवटे. मिस्त्री प्लास्टरला वापरतात ती ॲल्युमिनियमची सरळ पट्टी दोन मीटर लांबीची घ्या. उभी, आडवी, तिरकी फिरवा. पट्टीखाली 3 मिमी प्लायचा तुकडा सहज सरकला तर ती जागा खडूने गोल करा. खड्ड्यावरची फळी अधांतरी राहते. प्रत्येक पावलाला ती दबते आणि सगळा भार कडेच्या लॉकवर येतो. लॉकची जीभ अगदी पातळ असते, आणि दगडाच्या भुकटीमुळे एसपीसी कडक असलं तरी ठिसूळही असतं. आधी टकटक आवाज येतो, मग जीभ तुटते, मग सांधा उघडतो. तिथे नंतर काहीच करता येत नाही, भिंतीपासून तिथपर्यंतच्या ओळी उसवाव्या लागतात.

तळमजला_ठाणे

खूप आभार. पट्टी फिरवली. लहान बेडरूम ठीक आहे. 12×10 च्या खोलीत मधोमध 5 मिमीपर्यंत बशी आहे. हॉलमध्ये सात-आठ लाद्या ठोकल्यावर पोकळ वाजतात, आणि काही लाद्यांच्या कडा शेजारच्या लादीपेक्षा दीड-दोन मिमी वर आहेत. भिंतींना लोणा नाही, प्लॅस्टिकही सगळीकडे कोरडं निघालं. फोमचा आणखी एक थर टाकून खड्डा भरून निघेल का?

गुण्या_ओळंबा

नाही, ते अजिबात करू नका. फळीला फोम असताना खाली दुसरा फोम म्हणजे सगळी जमीनच दबणारी. लॉक तुटण्याचं एक मोठं कारण तेच. पॉलिथिन शीट वेगळी, ती दबत नाही.

पोकळ लाद्या लाकडी हातोडीने वाजवून खुणा करा. पोकळ वाजते पण पाय दिल्यावर हलत नाही, अशी एखादी लादी राहिली तरी चालेल. हलणारी मात्र काढाच. खालचा भुसभुशीत माल खरवडून काढा, जागा ओली करून 1:4 सिमेंट-वाळूच्या मालात लादी परत बसवा आणि शेजारच्या लादीशी पट्टीने जुळवा. लादी तुटली तर त्याच मालाने भरून वर घोटून घ्या, तिथे दिसायचं काही नाही.

वर आलेल्या कडांसाठी मोझॅकवाल्याचं पॉलिश मशीन बोलवा आणि खडबडीत दगडाने फक्त तेवढ्या रेषा घासून घ्या. पॉलिश करू नका, नुसतं घासा. घासताना होणारा चिखल लगेच वायपरने ओढून पुसून घ्या. वाळला की त्याचा थर धरतो आणि त्यावर प्राइमर टिकत नाही. घासणं ओलं काम आहे, त्यामुळे नंतर पंखे लावून तीन-चार दिवस वाळू द्या आणि प्लॅस्टिकची चाचणी पुन्हा करा.

बशीसाठी सेल्फ लेव्हलिंग कंपाउंड, म्हणजे ओतल्यावर आपोआप सपाट पसरणारा सिमेंटचा पातळ माल. त्याआधी लाद्यांवरचं जुनं मेण निघालं पाहिजे. नाहीतर कंपाउंड खपलीसारखं सुटतं आणि फळीखाली करकर वाजत राहतं. त्या भागावर मशीन फिरवून चकाकी घालवा, पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर मेण अजून आहे. मग लाद्यांवर चालणारा प्राइमर, तो वाळल्यावर कंपाउंड. दर चौरस मीटरला दर मिलिमीटर जाडीला साधारण 1.6 किलो पावडर लागते. तुमची खोली 11.15 चौरस मीटर. सरासरी 3 मिमी धरली तर 53-54 किलो, म्हणजे 20 किलोच्या तीन बॅगा. पाणी बॅगेवर लिहिलंय तेवढंच, मापाने. जास्त पाणी घातलं की वर पिठासारखा थर येतो. पंखा बंद, खिडक्या बंद, काटेरी रोलर फिरवून बुडबुडे काढायचे. बॅगेवर सांगितलेला वेळ पूर्ण झाल्यावर पट्टी पुन्हा फिरवा.

सुतारकाम_डोंबिवली

दरवाज्यांबद्दल. फळी आणि फोम मिळून 6 मिमी उंची वाढेल. त्यात 3 मिमी मोकळीक धरा, म्हणजे दाराखाली आज किमान 9 मिमी फट हवी. कंपाउंड टाकलेल्या खोलीत दाराजवळ किती जाडी आली ते मोजून ती वर मिळवा. फ्लश डोअर खालून रंधायला हरकत नाही, पण तासलेल्या कडेला प्राइमर आणि रंग लावल्याशिवाय दार परत टांगू नका. तिथूनच ते पाणी पितं. मुख्य दार आत उघडत असेल तर ते सगळ्यात आधी तपासा.

सागवानी चौकट असेल तर फळीचा तुकडा पॉलिथिनसकट जमिनीवर ठेवून, त्यावर करवत आडवी टेकवून चौकट खालून कापा, म्हणजे फळी आत सरकते. ग्रॅनाइटची चौकट कापत बसू नका, 8 मिमी फट सोडून त्याच रंगाचं सिलिकॉन भरा. भिंतींना सगळीकडे हीच 8 मिमी फट ठेवा. मोझॅकची स्कर्टिंग राहू द्या, फटीवर बीडिंग किंवा पीव्हीसी स्कर्टिंग येईल. ती भिंतीला चिकटवायची, जमिनीला कधीच नाही. दाराचा मॅग्नेट स्टॉपरही फळीतून स्क्रू मारून लावू नका, भिंतीला लावा. एका ठिकाणी खिळलेली जमीन दुसऱ्या ठिकाणी उचलते.

भिंतीत फिक्स केलेलं कपाट असेल तर फळ्या त्याच्यापर्यंत आणून फट सोडा. किचनच्या ट्रॉल्यांखाली तर घालूच नका.

मापं_आणि_खोकी

तिन्ही खोल्या मिळून 390 चौरस फूट. सरळ ओळींना 10 टक्के घट धरली तर 429. खोक्यात 24 चौरस फूट असतील तर 18 खोकी. तिरकं टाकणार असाल तर 15 टक्के धरा. सगळी खोकी एकाच बॅचची घ्या, छटा बदलते. एक खोकं वीस-बावीस किलोचं भरतं, त्यामुळे सगळी एका कोपऱ्यात रचू नका. ज्या खोलीत टाकायची तिथेच आडवी, सपाट, 48 तास ठेवा. बाल्कनीत उन्हात ठेवलेली फळी वाढलेल्या मापात बसते आणि नंतर आकसून सांधे उघडतात.

ओळींचा हिशेब कागदावर करा. समजा खोलीची रुंदी 3270 मिमी. दोन्ही बाजूंच्या फटींचे 16 वजा केले की 3254. फळी 180 मिमी रुंद असेल तर 18 ओळी बसून 14 मिमीची चिरी उरते. ती नीट लॉक होत नाही. त्याऐवजी पहिली आणि शेवटची ओळ 97-97 मिमीची कापा, मध्ये 17 पूर्ण ओळी येतात. तुमच्या दहा फुटी खोल्यांचं माप दोन्ही टोकांना आणि मध्ये घ्या. जुन्या भिंती गुण्यात (काटकोनात) नसतात, आणि पहिली ओळ वाकड्या भिंतीला धरून टाकली की तोच वाक पुढे सगळ्या ओळींत जातो. दोरा मारून ओळ सरळ करा आणि पहिल्या फळ्या भिंतीच्या आकारात कापा.