जोडीदार किती, की जोडीदार कसे? आफ्रिकेतले पुरुष आणि एचआयव्ही

प्रश्न (शोधक_वाचक)
पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या एचआयव्हीवर मराठीत जे सापडतं ते "तिथले पुरुष बाहेरख्याली" एवढ्यावरच संपतं. पण 2006 साली झालेल्या जागतिक तुलनेत एकाहून जास्त जोडीदार असल्याचं सांगणारे लोक श्रीमंत देशांतच जास्त निघाले होते. मग साथ तिकडेच एवढी का पसरली? आणि सुंता केली की पुरुष सुरक्षित, यात तथ्य किती? उपदेश नको, नेमकं घडतं कसं ते सांगा.

मोजपट्टी
जोडीदारांची बेरीज बाजूला ठेवा, क्रम बघा. संबंध एकामागून एक असले तर विषाणू पुढेच सरकतो, आधीची जोडीदारीण सुटते. दोन संबंध एकाच काळात चालू असले तर तो मागेही फिरतो. लागण झाल्यावर पहिले काही आठवडे रक्तातला विषाणू शिखरावर असतो, आणि नेमकी तेव्हाच अँटिबॉडी शोधणारी चाचणी अजून निगेटिव्ह दाखवते. दुसरं नातं चालूच असेल तर हा सगळ्यात वाईट काळ थेट त्या दुसऱ्या जोडीदारणीच्या वाट्याला येतो.

एक गोष्ट हमखास उलटी लिहिली जाते. जोडीदारांची एकूण संख्या तेवढीच धरली, तर संबंध समांतर ठेवल्याने वाढणारा धोका त्या पुरुषाचा नसतो, त्याच्या जोडीदारणींचा असतो.

युगांडात 1980 च्या दशकात "झीरो ग्रेझिंग" ही मोहीम निघाली ती याच मुद्द्यावर. खुंट्याला बांधलेलं जनावर भोवतीचंच गवत खातं, तसं आपल्या घरापुरतं राहा. ब्रह्मचारी व्हा असं कुणी म्हणत नव्हतं. गुरं पाळणाऱ्या माणसाला हे लगेच कळतं.

खडूस_आकडेबाज
वरचं तर्काला धरून आहे, पण पुरावा इतका सरळ नाही. दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताळ प्रांतातल्या 2011 च्या मोठ्या अभ्यासात, ज्या भागातल्या पुरुषांचे एकूण जोडीदार जास्त त्या भागातल्या बायकांना धोका जास्त आढळला. संबंध समांतर आहेत की नाहीत याने फारसा फरक दिसला नाही. म्हणजे बेरीज पार मोडीत काढू नका.

माझ्या मते वयातलं अंतर जास्त महत्त्वाचं आहे. त्याच प्रांतात विषाणूच्या जनुकीय वंशावळी जुळवल्या तेव्हा साखळी अशी दिसली: पंचविशीच्या आतल्या मुलींना लागण त्यांच्याहून साधारण आठ-नऊ वर्षांनी मोठ्या पुरुषांकडून, त्या पुरुषांना त्यांच्याच वयाच्या बायकांकडून, आणि आजच्या मुली उद्या त्या वयात पोहोचल्या की चक्र पुन्हा सुरू. मधला दुवा पंचविशी ते चाळिशीतला पुरुष. बाईची चाचणी निदान गरोदरपणात तरी होते. त्याला दवाखान्यात जायचं निमित्तच नसतं.

टाका_सहा_आठवडे
सुंतेबद्दल. ऑरेंज फार्म (दक्षिण आफ्रिका), किसुमू (केनिया) आणि राकाई (युगांडा) इथल्या तीन चाचण्यांत स्त्रीकडून पुरुषाला होणारी लागण सुमारे 60 टक्क्यांनी घटली. 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली. कारण साधं आहे: कातडीची आतली बाजू ओलसर आणि नाजूक असते, तिला बारीक चिरा पडतात, आणि विषाणू ज्या पेशींना पकडतो त्या तिथे वरवरच असतात.

चुकतं कुठे ते बघा:
- जखम पूर्ण भरायला सहा आठवडे धरतात. त्याआधी संबंध सुरू केले तर ती उघडी जखमच.
- पुरुष आधीच बाधित असेल तर सुंतेने जोडीदारणीला संरक्षण मिळत नाही.
- मुलगा वयात येतानाच्या पारंपरिक दीक्षाविधीत काही ठिकाणी कातडी अर्धवटच काढतात. तिथे 60 टक्के हा आकडा लावू नये.
- गुदमैथुनात आत घेणाऱ्याला सुंतेचा उपयोग नाही.

सरोवरकाठ
व्हिक्टोरिया सरोवराच्या केनियाकडच्या काठावरचं "जाबोया" समजून घ्या, मग "बाहेरख्याली" हा शब्द किती तोकडा आहे ते कळेल. ओमेना ही बोटाएवढी मासळी रात्री दिव्याच्या उजेडात धरतात. पहाटे होड्या लागतात तेव्हा माल थोडा आणि विकत घेणाऱ्या बायका जास्त. मासळी त्याच दिवशी उन्हात पसरली नाही तर नासते, म्हणून थांबायला वेळ नसतो. मग होडीवाल्याशी संबंध ठेवणारीला माल आधी मिळतो, पैसे वेगळे द्यावेच लागतात. होडीवाला मासळीमागे एका धक्क्यावरून दुसऱ्यावर जातो, तिथे दुसरी बाई.

अशा माणसाला दर महिन्याला एचआयव्हीच्या गोळ्यांसाठी रांगेत उभं करणं म्हणजे औषध तुटणं. तीन ते सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात. शिबिर चांदण्या रात्रींच्या दिवसांत घ्यावं: उजेडात दिव्याकडे मासळी येत नाही, होड्या काठावर असतात.

दुसरी_बाजू
पुरुषांचे पुरुषांशी संबंध कुणीच काढले नाहीत. दर 10,000 संबंधांमागे अंदाजे लागण, कंडोम-औषधाविना: गुदमैथुनात आत घेणाऱ्याला 138, करणाऱ्याला 11, योनीसंबंधात स्त्रीला 8, पुरुषाला 4. वर्षानुवर्षं फलकांवर फक्त नवरा-बायको असल्याने "मागून धोका नाही" असा समज कित्येकांत रुजला. यातले बरेच जण विवाहित असतात. युगांडात समलैंगिक संबंधांविरुद्धच्या 2023 च्या कायद्यानंतर तर दवाखान्यात खरं सांगणंच जोखमीचं झालं.

कंडोमला व्हॅसलीन किंवा खाद्यतेल लावलं की लॅटेक्स काही मिनिटांत कमजोर होतं. वंगण पाण्याचं किंवा सिलिकॉनचं हवं. प्रेपच्या (लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायच्या) गोळ्या गरजेपुरत्या घ्यायच्या तर संबंधाआधी 2 ते 24 तासांत दोन, पहिल्या मात्रेनंतर 24 तासांनी एक, 48 तासांनी आणखी एक. ही पद्धत बायकांना चालत नाही, त्यांनी रोज घ्यायची. आधी एचआयव्ही निगेटिव्ह असल्याची खात्री हवी. हेपटायटिस बी असेल तर मनाने सुरू-बंद करू नये.

शोधक_वाचक
आभार. जो पुरुष दवाखान्यात येतच नाही, त्याची चाचणी मग कशी?

टाका_सहा_आठवडे
घरी. गरोदर बायकोच्या हाती नवऱ्यासाठी स्वतःची चाचणी स्वतः करायचं किट पाठवायचा प्रयोग केनियात यशस्वी झाला. तोंडातल्या स्रावाच्या किटमध्ये पंधरा मिनिटं आधी काही खायचं-प्यायचं नाही. पट्टी वरच्या हिरडीवरून एकदा, खालच्या हिरडीवरून एकदा फिरवून नळीत उभी ठेवायची. 20 मिनिटांनंतर आणि 40 च्या आत वाचायचं. एक रेघ म्हणजे निगेटिव्ह, पण गेल्या तीन महिन्यांत धोका झाला असेल तर पुन्हा करायची. दोन रेघा आल्या, दुसरी फिकट असली तरी, तर दवाखान्यात खात्रीची चाचणी. जो आधीच एआरटीवर (एचआयव्हीच्या औषधांवर) आहे त्याने हे किट वापरू नये, खोटं निगेटिव्ह येऊ शकतं. आणि धोका कालपरवाच झाला असेल तर किटची वाट बघत बसू नका: 72 तासांच्या आत पेप (धोका झाल्यावर लागण टाळायचं औषध) सुरू करायचं, 28 दिवस, मध्ये खंड न पाडता.