मदत हवी आहे: बहिणीच्या बी.सी.ए.साठी ४०,००० च्या आत लॅपटॉप, कोणत्या कंपनीचा घ्यावा?

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीला यंदा छत्रपती संभाजीनगरला बी.सी.ए.ला प्रवेश मिळाला. घरातला हा पहिलाच लॅपटॉप, त्यामुळे एकदा घेतला की पदवी होईपर्यंत तोच पुरायला हवा. बजेट ४०,००० रुपये. हजार-दोन हजार वर गेले तर बघता येईल, पण हप्त्यावर घ्यायचा नाही असं आईने बजावलंय आणि मलाही ते पटतं.

काम म्हणजे सी, जावा, पायथन, मायएसक्यूएल आणि शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला बहुतेक अँड्रॉइड स्टुडिओ. गेम अजिबात नाहीत. ती वसतिगृहात राहणार, सुट्टीत एसटीने अंबाजोगाईला येणार, म्हणून कृपया डेस्कटॉप सुचवू नका.

दुकानं फिरलो तर गोंधळ वाढला. एक जण म्हणतो एचपी डोळे झाकून घ्या, दुसरा लेनोवोशिवाय बोलत नाही. माझ्यापुढे सध्या हे आहे: एचपी १५, आय३-१२१५यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम. लेनोवो आयडियापॅड स्लिम ३, रायझन ५ ७५२०यू, तोही ८ जीबी. दुकानदार म्हणतो, 'आय३ पेक्षा रायझन ५ केव्हाही वरचा'. आणि एका ओळखीच्यांनी रिफर्बिश्ड थिंकपॅड टी४८० सुचवलाय, १६ जीबी रॅमसकट बराच स्वस्त पडतो. पण वापरलेली वस्तू मुलीच्या हातात द्यायला जीव धजत नाही. नेमकं काय बघून ठरवायचं?

प्रतिसाद १

दादा, कंपनी आधी बाजूला ठेवा. थिंकपॅड आणि आयडियापॅड दोन्ही लेनोवोचेच, पण बांधणीत जमीन-अस्मानाचा फरक. डेलचं लॅटिट्यूड आणि इन्स्पिरॉन, एचपीचं एलिटबुक आणि साधं १५, सगळीकडे तीच गोष्ट. ऑफिसांसाठी बनवलेली मालिका वेगळी, घरगुती वेगळी.

आता त्या रायझनबद्दल, कारण इथे खूप जण फसतात. एएमडीच्या (रायझन बनवणारी कंपनी) ७००० मालिकेतल्या लॅपटॉप प्रोसेसरच्या नंबरात तिसरा आकडा बघायचा, तो आतली रचना किती जुनी आहे ते सांगतो. ७५२०यू मध्ये तो २ आहे, म्हणजे झेन २, २०१९ ची रचना, चार कोर. ७५३०यू मध्ये ३, म्हणजे झेन ३, सहा कोर. डब्यावर दोन्हीकडे 'रायझन ५'च लिहिलेलं! तुमच्या यादीतला आय३-१२१५यू रोजच्या कामात त्या ७५२०यू पेक्षा चपळ आहे. ७५३०यू बजेटमध्ये मिळत असेल तर मात्र बेलाशक घ्या.

दुसरं, रॅम. अँड्रॉइड स्टुडिओ ८ जीबीवर चालू होतो, पण एमुलेटर (लॅपटॉपवरच चालणारा नकली फोन) लावला की मशीन रडतं, १६ च हवेत. म्हणून दुकानदाराला विचारा: रॅम बोर्डवरच डकवलेली आहे की स्लॉट आहे? ७५२०यू सोबतची रॅम बोर्डवरच असते, नंतर वाढवता येत नाही. स्लॉट असेल तर आज ८ घेऊन पुढच्या वर्षी वाढवता येतात. 'बघू नंतर' असं उत्तर देणाऱ्याकडून घेऊ नका.

आणि पडदा फुल एचडी, आयपीएस (बाजूनेही नीट दिसणारा) घ्या. ती तासन्‌तास कोड वाचणार आहे, डोळ्यांचा विचार आधी.

प्रतिसाद २

टी४८० ला उगाच घाबरू नका. रॅमचे दोन स्लॉट, दोन बॅटऱ्या (बाहेरची सहज बदलता येते), कीबोर्ड उत्तम. फक्त प्रोसेसरची पिढी जपा. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बाजारात टी४७० आणि त्याआधीचे स्वस्तात मिळतात, त्यात सहावी-सातवी किंवा त्याहून जुनी पिढी असते. ते नकोत.

घेताना समोर चालू करून बघा. बायोसला (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगला) आधीच्या मालकाचा पासवर्ड राहिलेला नसावा, नाहीतर पुढे डोक्याला ताप. बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता ताडून बघा. बिल आणि निदान सहा महिन्यांची वॉरंटी लेखी मागा.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. तिसऱ्या आकड्याचं कोणी सांगितलंच नव्हतं, ७५२०यू बाद. रविवारी एचपीच्या रॅमच्या स्लॉटची चौकशी करतो आणि ७५३०यू कुठल्या कंपनीचा बसतो तेही बघतो. एक शेवटचं: नवीनच घेतला तर ती शिकते तिथे, संभाजीनगरात, कोणाची सर्व्हिस चांगली आहे? तिथे राहणाऱ्यांनी स्वतःचा अनुभव सांगितला तर बरं होईल, कारण बिघडला तर तिला एकटीलाच घेऊन जावं लागणार आहे.