बिल्डिंग ग्रुप: चालती बाजारपेठ असलेलं गाव कुठे मिळेल?

गुरुवार

मुग्धा: स्टेशनजवळची शेवटची बँकसुद्धा पुढच्या महिन्यात बंद. दारावर नोटीस लागलीये. आता आपल्या हाय स्ट्रीटवर, म्हणजे मुख्य बाजाररस्त्यावर, उरलं काय? व्हेपची दुकानं, सट्ट्याचं दुकान, न्हावी, आणि मधे मधे फळ्या ठोकलेल्या काचा. आईंना गाडी चालवता येत नाही, ऑनलाइन बँकिंग जमत नाही. पायी जाऊन दोन माणसांशी बोलून यायच्या, तेही संपलं. आम्ही हे घर विकायचं म्हणतोय. इंग्लंडमध्ये अजून बाजारपेठ चालू असलेलं, राहावंसं वाटणारं गाव कुठलं? कृपया मनापासून सांगा.

वर्षाताई (ॲडमिन): मुग्धा, आईंचं ऐकून वाईट वाटलं. पण हा ग्रुप बिल्डिंगच्या कामांपुरता आहे, मागच्या वेळी ठरलं होतं. गणपतीची वर्गणी अजून काही घरांची यायची आहे. नावं टाकत नाही.

समीर: नावं टाकत नाही म्हणजे फ्लॅट १४ 😀

सुधीरकाका: ऑल्ट्रिंगम बघा. मँचेस्टरच्या दक्षिणेला. २०१० च्या सुमारास तिथली जवळपास तीनातलं एक दुकान रिकामं होतं. २०१४ ला जुन्या मार्केट हाउसमध्ये खाण्यापिण्याचे स्टॉल आणि लांबच लांब सामायिक टेबलं टाकली. २०१८ ला इंग्लंडमधली सर्वोत्तम हाय स्ट्रीट म्हणून बक्षीस. गेलेलं गाव परत आलं याचं हे उदाहरण आहे.

नेहा: आणि तिथे ग्रामर स्कूल्सही आहेत, परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी शाळा. ऑल्ट्रिंगम ज्या ट्रॅफर्ड कौन्सिलमध्ये येतं तिथे ती अकरा-प्लस परीक्षा अजून चालू आहे. पण घरांच्या किमती बघितल्यात का काका?

सुधीरकाका: किंमत वाढली, कारण गाव सुधारलं.

मुग्धा: म्हणजे सुधारलं की आपल्याला परवडत नाही, आणि परवडतं तिथे सुधारलेलं नाही. माझी अडचण नेमकी तीच आहे.

समीर: ही घ्या यादी. दर वर्षी पेपरात येते ना, राहायला सगळ्यात छान जागा. संडे टाइम्सची. २०२१ स्ट्राउड, २०२२ इल्कली, २०२३ वॉडहर्स्ट, २०२४ नॉर्थ बेरिक, २०२५ सॅफ्रन वॉल्डन. डोळे मिटून बोट ठेवा.

डॉक्टरकाका: डोळे मिटून घर घेऊ नये. सॅफ्रन वॉल्डनमध्ये रेल्वे स्टेशनच नाही. जवळचं ऑडली एंड, तिथून साधारण दोन मैल. गाव सुंदर आहे, मंगळवार-शनिवार बाजार भरतो, पण ज्या घरातलं कोणी गाडी चालवत नाही त्याने हे आधी बघावं. मुग्धाच्या आईंसाठी बोलतोय.

मुग्धा: थँक्यू डॉक्टरकाका. असंच काहीतरी हवं होतं.

नेहा: पण आपल्या हाय स्ट्रीटला नावं ठेवून काय होणार? मोठ्या साखळी दुकानांचंच बघा. विल्को गेलं २०२३ ला, चारशेच्या आसपास दुकानं आणि बारा हजार नोकऱ्या. डेबनम्सची शेवटची दुकानं मे २०२१ ला बंद झाली. वूलवर्थ तर जानेवारी २००९ लाच संपलं. हे सगळ्या देशात आहे. भाडं आणि बिझनेस रेट्स, म्हणजे दुकानाच्या जागेवरचा कर, यांनी दुकानदार मेले.

मुग्धा: नेहा, भाडं आहेच. पण आपल्या लॉबीत रोज पार्सलं कुणाची पडलेली असतात?

नेहा: हे मला उद्देशून आहे का?

मुग्धा: कुणालाच उद्देशून नाही. माझ्याही घरी येतात. देशातल्या किरकोळ विक्रीतला साधारण चौथा हिस्सा आता ऑनलाइन आहे. आपण सगळे त्यात आहोत, एवढंच.

नेहा: दोन लहान मुलं आणि नोकरी असताना दुकानात जायला मला वेळ नाही. ज्यांना आहे त्यांनी जावं.

वर्षाताई (ॲडमिन): पार्सलांवरून मागे झालं तेवढं पुरे. कृपया.

समीर: लॉबीतली ती मोठी खोकी ट्रेडमिलची होती, माझी. वापरतोय. कपडे वाळत घालायला.

सुधीरकाका: ऑल्ट्रिंगममध्येसुद्धा लोक ऑनलाइन मागवतातच. तरी बाजार चालतो, कारण लोक तिथे खरेदीला नाही, जेवायला आणि भेटायला जातात. मेट्रोलिंक ट्रॅमने मँचेस्टर जोडलेलं आहे, १९९२ पासून.

समीर: काका, ऑल्ट्रिंगमच्या नगरपालिकेने तुम्हाला नेमलंय का 😀

सुधीरकाका: माझा मुलगा तिथे राहतो, समीर. मी बघून बोलतोय. तुझ्यासारखं फॉरवर्ड करून नाही.

समीर: सॉरी काका 🙏

शुक्रवार

डॉक्टरकाका: रात्री मोबाइल बंद ठेवतो, म्हणून आत्ता लिहितो. मी १९७६ मध्ये वेल्सच्या रोंडा खोऱ्यात जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, म्हणून गेलो. त्या खोऱ्यांत त्या काळी आपल्याकडचे डॉक्टर बरेच होते, इथल्या डॉक्टरांना तिथे यायचं नसायचं. कोळशाच्या खाणी बंद व्हायला लागल्या तसं मला वाटलं होतं की ही गावं संपली. त्याच खोऱ्यातल्या ट्रिऑर्की गावाला जानेवारी २०२० मध्ये अख्ख्या ब्रिटनमधली सर्वोत्तम हाय स्ट्रीट म्हणून निवडलं तेव्हा मी वर्तमानपत्र दोनदा वाचलं. तिथे बहुतेक दुकानं गावातल्याच माणसांची आहेत. खाटीक, पाववाला, फुलवाली. साखळी दुकानांचं मुख्यालय लंडनमध्ये बसून एका फटक्यात शंभर शाखा बंद करतं. गावातला पाववाला असं करत नाही, कारण तो तिथेच राहतो. पार्क अँड डेअर नावाचं नाट्यगृह आहे, खाणकामगारांनी स्वतःच्या पगारातून पैसे कापून देऊन उभं केलेलं. आजही चालू आहे. मुग्धा, गाव बघताना पहिला प्रश्न हा विचार की दुकानं कुणाच्या मालकीची आहेत.

मुग्धा: काका, हे वाचून मी आईंना मोठ्याने वाचून दाखवलं.

वर्षाताई (ॲडमिन): डॉक्टरकाका 🙏🙏 तरी वेल्स म्हणजे फार लांब.

डॉक्टरकाका: लांब आहेच. कार्डिफला रेल्वेने तास लागतो. विजेच्या गाड्यांच्या कामासाठी ती लाइन २०२३ च्या एप्रिलपासून २०२४ च्या फेब्रुवारीपर्यंत बंद होती, तेव्हा तिथल्या लोकांनी बसने दिवस काढले. जा म्हणून सांगत नाही. काय बघायचं ते सांगतोय. वेल्समध्येच क्रिकहॉवेल आहे. २०१८ चं ब्रिटनचं बक्षीस त्यांचं. तिथला कॉर्न एक्स्चेंज नावाचा बंद पब एका मोठ्या साखळीकडे जाणार म्हटल्यावर गावकऱ्यांनी पैसे जमवून तो स्वतः घेतला, आणि तिथे छोटी दुकानं केली.

समीर: आपण पण जमवूया का? कोपऱ्यावरची ती बंद शोरूम. मी वडापाव लावतो.

नेहा: समीर, आधी वर्गणी दे.

समीर: दिली. काल रात्री. वर्षाताईंना विचार.

वर्षाताई (ॲडमिन): आली. उशिरा का होईना.

सुधीरकाका: रिकाम्या दुकानांबद्दल एक गोष्ट सांगतो. डिसेंबर २०२४ पासून इंग्लंडमधल्या कौन्सिलना नवा अधिकार मिळालाय. दोन वर्षांच्या काळात एखादं दुकान ३६५ दिवसांपेक्षा जास्त रिकामं असेल, तर कौन्सिल त्याच्या भाडेपट्ट्याचा लिलाव करू शकते, एक ते पाच वर्षांसाठी. मालकाने नुसतं कुलूप लावून बसायचं नाही. मी आपल्या नगरसेविकेला मेल केला आहे. उत्तर आलेलं नाही.

मुग्धा: काका, हे मला माहीतच नव्हतं. तो मेल इथे टाका, आम्ही सगळे सही करतो.

नेहा: मी पण करते.

सुधीरकाका: टाकतो. आणि ऑल्ट्रिंगम एकदा बघून या. एवढंच म्हणणं आहे.

नेहा: एक विचारायचं होतं. कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. ही सुंदर गावं बहुतेक गोऱ्या म्हाताऱ्या माणसांची असतात. ऑगस्ट २०२४ मध्ये साउथपोर्टमधल्या चाकूहल्ल्यानंतर जे दंगे झाले, तेव्हा मुलांना मी बागेत सोडलं नव्हतं. इथे निदान शाळेत अर्धी मुलं आपल्यासारखी आहेत. फुलांनी सजवलेल्या हाय स्ट्रीटवर माझी मुलगी एकटीच सावळी असेल तर?

मुग्धा: नेहा, हाच विचार मलाही सतावतो. लिहिण्याचं धाडस होत नव्हतं.

डॉक्टरकाका: नेहा, तुझी काळजी खरी आहे, ती खोडून काढणार नाही. माझ्या मुलीला शाळेत पहिल्या वर्षी फार ऐकून घ्यावं लागलं. पुढे तेच लोक दुकानात रांगेत माझ्या शेजारी उभं राहून तिच्या परीक्षेची चौकशी करायचे. त्यांची ओळख झाली ती दुकानांच्या दारात. जिथे लोक पायी हिंडतात तिथे ओळख व्हायला वाव असतो. जिथे सगळे गाडीने रिटेल पार्कला जाऊन घरी परततात, तिथे वर्षानुवर्षं शेजारी परके राहतात. तरीही घर घेण्याआधी शाळेच्या फाटकाबाहेर उभं राहून बघावं.

नेहा: हो काका. बरं वाटलं.

समीर: कोथिंबिरीचं काय पण? सहज विचारत नाहीये. आई आल्या की त्यांचा पहिला प्रश्न तोच असतो.

वर्षाताई (ॲडमिन): मी आता लांबलचक लिहिते, रागावू नका. माझी नणंद बेव्हर्लीला राहते, यॉर्कशायरमध्ये, हल शहरापासून रेल्वेने पंधरा मिनिटं. शनिवारी चौकात बाजार भरतो, जुनं मोठं चर्च आहे, आणि गावाला लागून वेस्टवुड नावाचं गायरान आहे. उन्हाळ्यात तिथे गायी मोकळ्या चरतात, त्यांच्यामधून माणसं फिरायला जातात. दक्षिणेपेक्षा घर बरंच स्वस्त. दुकानं चालू आहेत कारण लोक बाजाराच्या दिवशी खरंच जातात. कोथिंबीर ती लीड्सहून आणते, मोठ्या जुड्या, आणि चिरून फ्रीझ करते. गणपतीला मात्र तिला एकटं वाटतं. गेली दोन वर्षं तिने घरी बसवून आम्हाला व्हिडिओवर आरती दाखवली. हे मी मुद्दाम सांगतेय. सुंदर गाव मिळेल, पण तिथे सणाला दारात माणसं आपोआप येणार नाहीत.

समीर: ताई, हा ग्रुप बिल्डिंगच्या कामांपुरता आहे ना?

वर्षाताई (ॲडमिन): समीर.

मुग्धा: ताई, खूप कामाचं लिहिलंत. पण नितीनला आठवड्यातून तीन दिवस लंडनला जावं लागतं. बेव्हर्लीहून नाही जमणार.

नेहा: मग हिचिन बघ. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनला साधारण अर्ध्या तासात, मंगळवारी-शनिवारी चर्चशेजारी बाजार. शेजारी लेचवर्थ, १९०३ ची पहिली गार्डन सिटी, म्हणजे बागा-मोकळी जागा ठेवून आखलेलं शहर. तिथल्या बऱ्याच दुकानांची मालकी एका स्थानिक फाउंडेशनकडे आहे आणि भाड्याचा पैसा गावातच खर्च होतो. डॉक्टरकाकांचा मालकीचा मुद्दा इथेही लागू होतो. हिचिनमध्येही रिकामी दुकानं आहेत, तेही सांगते, नाहीतर नंतर म्हणशील.

मुग्धा: नेहा, थँक्यू. खरंच. काल पार्सलांवरून बोलले ते मनावर घेऊ नकोस.

नेहा: घेतलं होतं. आता सोडलं.

सुधीरकाका: सेंट ऑल्बन्सही आहे, बुधवार-शनिवार बाजार, पण तिथे किंमत ऑल्ट्रिंगमच्याही वर.

डॉक्टरकाका: मुग्धा, शनिवारी बाजाराच्या दिवशी जाऊ नकोस. शनिवारी प्रत्येक गाव छान दिसतं. बाजार नसलेल्या एखाद्या गुरुवारी, पावसात, दुपारी तीनला जा. दुकानात किती माणसं आहेत, वरच्या मजल्यांवर दिवे आहेत का, बँक नसेल तर बँकिंग हब आहे का ते बघ. त्या हबमध्ये वेगवेगळ्या बँकांची माणसं आपापल्या ठरलेल्या वारी बसतात आणि रोख व्यवहार पोस्टाचे लोक बघतात. आईंना तेवढं पुरतं. आणि नवीन फ्लॅट दाखवले तर आधी तिथे काय होतं ते विचार. ऑगस्ट २०२१ पासून इंग्लंडमध्ये दुकानाचं घर करायला पूर्ण प्लॅनिंग परवानगी लागत नाही. चांगल्या गावात मधलीच तीन दुकानं फ्लॅट झाली की ओळ तुटते.

समीर: आपली बिल्डिंग पण तशीच ना? २०१३ च्या नियमात ऑफिसची फ्लॅट झाली. म्हणून माझ्या बेडरूमची खिडकी उघडत नाही.

वर्षाताई (ॲडमिन): खिडक्यांचं मॅनेजिंग एजंटला चार वेळा कळवलंय. सगळ्यांनी वेगवेगळं लिहिलं तर ते उत्तर देतात. एकट्या माझ्या मेलला कोणी विचारत नाही, हे या ग्रुपवर आधीही सांगितलंय.

समीर: ताई, आज रात्री लिहितो. शप्पथ.

मुग्धा: ठरलं. येत्या गुरुवारी मी आणि आई हिचिनला जातोय, दुपारी. लेचवर्थ परतीच्या वाटेवर. कुणाला यायचं असेल तर सांगा.

डॉक्टरकाका: मी येतो. आईंना चालायला सोबत होईल.

सुधीरकाका: मीही आलो असतो, पण गुरुवारी मुलाकडे आहे. तिथल्या बाजाराचे फोटो पाठवतो.

नेहा: येताना शाळांची माहितीपत्रकं आण, आमच्यासाठीही 🙏

वर्षाताई (ॲडमिन): सुधीरकाका, नगरसेविकेचा तो मेल टाका ना. रविवारच्या मीटिंगच्या आधी सह्या झाल्या पाहिजेत. बँक बंद होण्याबद्दलचं एक वाक्य मी त्यात घालते.